माझ्या नावाचा शिंपला

माझ्या नावाचा एक शिंपला आहे. निदान परवापरवापर्यंत होता. टेरिया विदुली: टेरिया हे कुळीचं नाव, विदुली हे माझ्यावरून दिलेलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला लोकांचे नवरे पैठणी घेतात, कुणी कानातलं करतात. हेरंबने मला अख्खी एक जात दिली. अडचण एवढीच होती की माझ्या मते ती जात अस्तित्वातच नव्हती.

हे मी त्याला तेव्हाच तोंडावर सांगितलं. तेवढ्याने समाधान झालं नाही, म्हणून पुढे रीतसर लेख लिहून छापूनही सांगितलं. विदुली ही वेगळी जात नसून नेहमीच्या पंखशिंपल्याचंच एक रूप आहे, असं त्या लेखाचं म्हणणं. हेरंबने तो जेवताना वाचला, आमटी वाढून घेतली आणि म्हणाला, "तुझी तिसरी आकृती उलटी छापलीय."

उलटीच होती. मला अजून राग येतो.

तेव्हापासून आमच्या घरात दोन पक्ष. तो मत्स्य महाविद्यालयात शिकवायचा, मी वेंगुर्ल्याच्या किनारी संग्रहालयात शिंपल्यांचे खण सांभाळायचे. आम्हाला मूलबाळ नाही, पैशांवरून कधी वाजलं नाही, सासूबाई तर सरळ माझ्या बाजूच्या. त्यामुळे भांडायला हा एवढाच विषय होता आणि तो आम्ही तीस वर्षं पुरवून पुरवून वापरला.

पंखशिंपला म्हणजे काय ते आधी सांगते. लोकांना कालवं माहीत असतात, मोती माहीत असतात, मधलं काही माहीत नसतं. मोत्याचा शिंपला हातात घेतलात तर तो लहानशा भाकरीसारखा गोल. वरच्या कडेला सरळ बिजागरी आणि तिच्या दोन्ही टोकांना बारीकसे कान. पंखशिंपला हा त्याचा चुलतभाऊ. याचं अंग तिरकं, आणि मागचा कान इतका लांब ओढलेला की बंद शिंपला उडत्या पाकोळीसारखा दिसतो. आतला थर दोघांचाही चकाकता; त्याच थराचा मोती होतो. दोघेही रेशमासारखे तंतू काढून कशाला तरी घट्ट चिकटून राहतात. दोघेही तरुणपणी नर असतात आणि पुढे त्यांतले बरेच मादी होतात. वय वाढलं की शहाणे होतात, असं मी संग्रहालयात येणाऱ्या मुलांना सांगायचे, आणि हेरंब हजर असला तर जरा जोरात सांगायचे.

इथवर सोपं आहे. गोंधळ पुढे होतो. शिंपला जिथे बसतो तसा घडतो. लाटांच्या माऱ्यात जाड, शांत पाण्यात पातळ. लाल प्रवाळावर लाल, पिवळ्यावर पिवळा. जुन्या मंडळींनी एकाच जातीचे रंग बघून तिला डझनावारी नावं देऊन ठेवली. उलट, दिसायला जुळे आणि आतून परके असेही शिंपले असतात. जपानचा, मन्नारच्या आखाताचा आणि कॅरिबियन समुद्रातला मोत्याचा शिंपला एक की तीन, यावर माणसांनी आयुष्यं घालवली. आमच्या धंद्यात त्यामुळे दोन स्वभावांचे लोक सापडतात, फोडणारे आणि जोडणारे. फोडणाऱ्याला एका टोपलीत तीन जाती दिसतात, जोडणाऱ्याला तीन टोपल्यांत एक. हेरंब फोडणारा, मी जोडणारी, आणि लग्न एकमेकांशी.

आमच्या भांडणाची जागा म्हणजे बगळ्याचा खडप. वेंगुर्ल्याच्या उत्तरेला, किनाऱ्यापासून थोडा आत, समुद्रात बुडालेला खडक. त्यावर जाळीच्या पंख्यासारखी पसरलेली प्रवाळं आहेत आणि त्या पंख्यांवर पंखशिंपले बसतात. हेरंबचं म्हणणं, तिथे दोन जाती शेजारी शेजारी राहतात. एक नेहमीची, आफ्रिकेपासून जपानपर्यंत मिळते ती. दुसरी लहान, तपकिरी, फक्त इथली. मी म्हणायचे, दोन्ही एकच. एक खाऊनपिऊन सुखी, दुसरी जरा हडकुळी.

मग एकनाम आलं.

आता ते नळाच्या पाण्याइतकं अंगवळणी पडलंय, तरी लिहून ठेवते. प्रत्येक जीव पाण्यात स्वतःचं काहीबाही सांडत असतो: चिकटा, विष्ठा, मेलेल्या पेशी. त्या कणाकणात त्याच्या वंशाची हकिगत असते. एकनामची कांडी पाण्यात धरली की ती हकिगत वाचते आणि जगभरातल्या कांड्यांनी वाचलेल्या हकिगतींशी ताडून बघते. नुसतं सारखं की वेगळं हे सांगणारी यंत्रं पूर्वीही होती. एकनाम सोयरिकीचा हिशेब करतं. या दोन घराण्यांत गेल्या हजारो पिढ्यांत लग्नं झाली का? झाली असतील तर रंगरूप कितीही वेगळं असो, जात एक. शेजारी राहूनही झाली नसतील तर दिसायला कितीही सारखे असोत, जाती दोन. यात कुणाचं मत लागत नाही, अनुभव लागत नाही, वितंडवादाला जागाच नाही.

मासळीबाजारात सुरमई म्हणून भलतंच गळ्यात मारणं बंद झालं, हे चांगलंच झालं. पण आमच्यासारख्यांची गरजही संपली. हेरंबचा विषय महाविद्यालयाने तो निवृत्त व्हायच्या आधीच बंद केला. ज्या मुलांना त्याने बिजागरीतले दात बघून मोत्याचे शिंपले ओळखायला शिकवलं, ती मुलं आता कांड्या विकतात. आम्हालाही एक त्यांनीच भेट दिली.

आणि यंदा एकनामने जुन्या नावांना हात घातला. यासाठी आमच्या धंद्यातली एक रीत समजून घ्यायला हवी. जातीला नाव देताना एक नमुना निवडतात आणि नाव त्या एका नमुन्याला बांधतात. त्याला आम्ही मूळ नमुना म्हणतो. पुढे जातीबद्दल कुणाचं मत काहीही होवो, नाव त्या एका शिंपल्याबरोबर जातं. विजेचं मीटर जसं आजोबांच्या नावावरच राहतं, तसं. तर एकनामचं फर्मान निघालं: सगळे मूळ नमुने आणि ते जिथे सापडले ती ठिकाणं वर्षअखेरपर्यंत कांडीने वाचा. जे नाव वाचलं जाणार नाही ते रद्द.

"कांडी टाकायची का?" मी एका सकाळी विचारलं. हेरंब पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होता.

"कुठे?"

"कुठे काय! खडपावर."

"थंडी आहे फार."

"थंडीतच पाणी निवळतं, असं तूच सांगतोस."

तो शेंगदाणे वेचत राहिला. ही कांडी त्याने खाडीत बुडवली होती, गटारात बुडवली होती, एकदा माझ्या कालवणात बुडवून बांगडा कुठल्या समुद्रातला ते मला ऐकवलं होतं. फक्त बगळ्याच्या खडपावर तो ती नेत नव्हता. का ते मला माहीत होतं. आयुष्यभरात त्याने एकच नवी जात सांगितली होती, आणि ती मला देऊन टाकली होती. मी बरोबर ठरले असते तर त्याच्यापाशी तीही उरली नसती. खरं सांगायचं तर मला जिंकायचं होतं आणि जिंकल्यावर त्याचं तोंड बघायचं नव्हतं.

"वाचलं नाही तर नाव तसंही जाणार," मी म्हटलं.

"आणि मी बरोबर ठरलो तर?"

"तर बंदरावर उभी राहून सांगेन, मी चुकले म्हणून."

"मोठ्याने?"

"मोठ्याने."

तो उठला. "माझी टोपी कुठे ठेवलीस?"

दाजी खवणेकर हा आमचा नेहमीचा होडीवाला. म्हणजे हेरंबचा नेहमीचा. मला होडी लागते, त्यामुळे मी खडपावर कधी गेलेच नव्हते. हेरंबने शिंपले आणायचे आणि मी ते टेबलावर बघायचे, अशी आमची वाटणी होती. त्या दिवशी मात्र मी तोंडात आवळकाठी धरून होडीत बसले. हेरंबने कांडी दोरीने खाली सोडली आणि यंत्राचा पडदा माझ्याकडे सरकवला. "तूच वाच," म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले.

पडद्यावर आलं: पंखशिंपले, दोन घराणी, परस्पर सोयरिक आढळली नाही. त्याखाली: दुसऱ्या घराण्याची या ठिकाणाखेरीज जगात कुठेही नोंद नाही.

मी ते परत परत वाचलं.

"काय म्हणतं?" हेरंबने डोळे न उघडता विचारलं.

"दोन," मी म्हटलं. "दोन आहेत रे."

त्याने समुद्रात हात बुडवला आणि ओल्या हाताने तोंड पुसलं. मग पुन्हा पुसलं.

दाजी आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. "काय झाला वो? सायब रडतत कित्याक?"

"जिंकले ते."

"आणि तुमी?"

"मी हरले."

"मगे तुमी कित्याक रडतास?"

मी आवळकाठी दुसऱ्या गालात सरकवली. बंदरावर उतरल्यावर मी शब्द पाळला. मासे निवडत बसलेल्या बायकांसमोर उभी राहिले आणि ओरडून म्हटलं, "मी चुकले! शिंपले दोन आहेत!"

"दोनच?" त्यांतली एक म्हणाली. "माज्याकडे पाटीभर आसत. व्हये काय?"

हेरंब इतका हसला की त्याला दाजीने धरून बसवलं.

राहिला होता तो मूळ नमुना. तो संग्रहालयात. तिथे आता अस्मिता परुळेकर असते. माझ्याच हाताखाली शिकली, माझ्यापेक्षा नीटनेटकी आहे. तिने खण उघडला. कापसावर तो शिंपला होता. मधाच्या रंगाचा, पापडाइतका पातळ, लांब पंखाला कुठे टवकासुद्धा गेलेला नाही. हेरंबने त्याच्याकडे असं बघितलं जसं लोक लग्नातल्या फोटोकडे बघतात.

अस्मिताने बिजागरीवरचा वाळलेला कण खरवडला आणि यंत्रात घातला. "ही चाचणीची फेरी," ती म्हणाली. "नोंद नंतर पाठवू."

यंत्राने सांगितलं: नेहमीचा पंखशिंपला.

"पुन्हा कर," हेरंब म्हणाला.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग अस्मिताने मूळ नमुन्याबरोबरच गोळा केलेले, त्याच खणातले बाकीचे शिंपले एकेक करून वाचले. ते लहान, तपकिरी, ओबडधोबड. ते सगळेच्या सगळे नव्या जातीचे निघाले. ढिगात परका फक्त एकच होता, आणि नाव त्याला बांधलेलं होतं.

हे कसं झालं ते माझ्या आधी हेरंबच्या लक्षात आलं. खडपावरून टोपलीभर शिंपले आणून त्याने फोटोसाठी ते घासले, आम्लाच्या सौम्य पाण्यात धुतले, वरचं सगळं किटण काढलं, आणि टोपलीतला नेहमीचा एक त्यांत मिसळून गेला. मग दिव्याखाली मांडले आणि बायकोच्या नावाला शोभेलसा शिंपला उचलला. मूळ नमुना सुंदर निवडायचा नसतो, सरासरी निवडायचा असतो, हे तो दर वर्षी मुलांना घसा खरवडून सांगायचा. त्या एका दिवशी तो शिक्षक नव्हता, नवीन लग्न झालेला माणूस होता.

"म्हणजे विदुली हे नेहमीच्याच जातीचं फालतू नाव झालं," तो म्हणाला. "आणि माझी जात बिननावाची."

"महिन्याभरात कुणी नाव दिलं नाही तर एकनाम तिला आकडा देतं," अस्मिता हळूच म्हणाली.

"मग विदुली हेच पुन्हा देतो. या खेपेला बरोबर शिंपल्याला."

"सर, एका कुळीत एक नाव एकदाच. तुम्हीच शिकवलंय."

हेरंब मान खाली घालून शिंपल्याकडे बघत राहिला. ते अस्मिताला बघवेना म्हणून ती बोलून गेली, "मूळ नमुना हरवलेला किंवा फुटलेला असता तर गोष्ट वेगळी होती. मग नाव देणाऱ्याला दुसरा नेमता येतो. पण हा तर समोर आहे." आणि बोलल्यावर तिने जीभ चावली. "नोंद मी सोमवारी पाठवते," म्हणाली.

घरी आल्यावर हेरंब जेवला नाही. मी पानावर बसवलं तर भात चिवडत राहिला.

"अरे, तू जिंकलास," मी म्हटलं. "जात आहे. तीस वर्षं मी नाही म्हणत होते आणि ती आहे. आणखी काय हवं?"

"तुझ्यासाठी एक गोष्ट केली आयुष्यात. तीही धड नाही."

"मी कधी मागितली होती?"

"नाहीच मागितलीस. तू तर खोडून काढलीस."

या खेपेला मला वाद घालायचा नव्हता. कारण मला माझा शिंपला हवा होता. ज्या नावावर मी आयुष्यभर नाक मुरडलं ते जाणार म्हटल्यावर मला अगदी लहान मुलासारखं रडू येत होतं. मी जातीवर वाद घातला होता. त्याने माझं नाव समुद्रातल्या कशाला तरी द्यावं, यावर माझी कधीच हरकत नव्हती. हे त्याला सांगावं असं फार वाटलं. पण मी ताट उचललं आणि धुवायला टाकलं.

सकाळी हेरंब केस कापून येतो म्हणून बाहेर पडला. तो गेल्यावर मी कोथिंबीर आणायला म्हणून निघाले, म्हणजे त्याला आधीच तसं सांगून ठेवलं होतं, आणि तडक संग्रहालयात गेले. मनात काय होतं ते लपवण्यात अर्थ नाही. मी तो शिंपला फोडणार होते.

नमुन्यांच्या खोलीबाहेर हेरंबच्या चपला होत्या.

अस्मिता दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. "मी चहा टाकते, मॅडम," म्हणाली आणि गेली. आणि एवढ्याशा चहाला तिने बराच वेळ लावला.

हेरंब खिडकीपाशी बसला होता. तळहातावर शिंपला.

"झाले केस कापून?" मी विचारलं.

"मिळाली कोथिंबीर?"

मी शेजारी स्टूल ओढून बसले. तो म्हणाला, "नुसता चिमटीत दाबला की झालं. चुरा होईल. कुणी म्हणणार नाही मुद्दाम फोडला, इतका नाजूक आहे. मग नवा नमुना नेमतो, नाव राहतं. मगापासून बसलोय."

"मग?"

"जमत नाहीये."

"दे इकडे. मला जमेल. मी याला मोडीत काढायला कधीपासून टपलेय."

त्याने खरंच दिला. मी तो खिडकीच्या उजेडात धरला. उजेड आरपार आला आणि पंखावरच्या वाढीच्या रेघा मोजता येतील इतक्या स्पष्ट दिसल्या. मी अंगठा ठेवला. थोडासा दाबलाही. मग मला त्या टोपलीवर वाकलेला तरुण हेरंब दिसला, ढिगातून एकेक उचलून बघणारा, हा नको, हाही नको, असं करत करत हा निवडणारा. चुकीचा निवडला होता त्याने. पण माझ्यासाठी निवडला होता.

"नाही रे," मी म्हटलं. "नाव वाचवायला हा फोडायचा? मग नाव कशाचं राहणार? आणि आपण दोघं आयुष्यभर लोकांना काय सांगत आलो, नमुन्याला हात लावू नका, तो खरं बोलतो. आपल्याविरुद्ध बोलला म्हणून त्याचा जीव घ्यायचा का?"

"तुझं नाव जाईल, विदू."

"जाऊ दे. शिंपला राहील. मला तू दिलेला शिंपला हवाय, त्याची जात कुठली का असेना."

हे बोलले आणि मला एकदम मोकळं वाटलं. त्याने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. अस्मिता चहा घेऊन आली तेव्हा शिंपला कापसावर होता. "नोंद आजच पाठव," मी तिला म्हटलं. ती हुश्श करून खालीच बसली.

आता प्रश्न त्या बिननावाच्या जातीचा. एकनाम माणसाकडून एकच गोष्ट मागतं: नाव द्यायचं तर जात नुसत्या डोळ्यांनी कशी ओळखायची ते लिहा. कांडी काय, कधी हातात नसेलही. हेरंब म्हणाला, "मी लिहिणार नाही. माझ्या हाताला यश नाही. तू लिही." मी टेबलावर दोन्ही शिंपले मांडून दुपारभर बघितले, भिंग लावलं, बिजागऱ्या मोजल्या. मला काही फरक दिसेना. धुतलेले, घासलेले दोन शिंपले, एक बरा, एक हडकुळा. वादात मी हरले होते, पण डोळ्यांना अजून पटत नव्हतं.

"चल खडपावर," हेरंब म्हणाला.

दाजीने या खेपेला माझ्यासाठी आवळकाठी स्वतःच आणली होती. हेरंबने काचेच्या बुडाची बादली पाण्यावर टेकवली. बादलीत एका वेळी एकच डोकं मावतं. आम्ही दोघांनी घातली, गालाला गाल लावून.

"तो लाल पंखा बघ. दिसला? वरच्या फांदीवर मोठा आहे तो नेहमीचा. लांब पंख प्रवाहाबरोबर सोडून दिलाय, वाऱ्यावरच्या पदरासारखा. आता खाली, देठाजवळ."

"खाली काही नाही."

"आहे. नीट बघ. थांब जरा."

मी थांबले. देठाजवळ जे मला प्रवाळाचाच फाटा वाटत होतं ते हळूच किंचित उघडलं. शिंपला होता. पंख देठाला घट्ट लावून आडवा बसलेला, आणि कवचावर ओळीने मऊ तपकिरी झालरी, इतक्या की प्रवाळ कुठे संपतं आणि शिंपला कुठे सुरू होतो ते कळू नये. बादलीची सावली पडताच वरचा मोठा फटकन मिटला. हा मात्र सावकाश, झालरी आवरत आवरत मिटला.

"या झालरी मी ब्रशने घासून टाकल्या," हेरंब म्हणाला. "पाण्यात मी कधीच चुकलो नाही, विदू. टेबलावर एकदा चुकलो."

"इतकं सरळ होतं तर मला ओढत का नाही आणलंस?"

"ओढत आणलं असतं तर होडीत ओकली असतीस."

"बायनू, डोकी भायर काडा," दाजी मागून म्हणाला, "होडी एका अंगाक कलता हा." पण मला डोकं बाहेर काढवेना. खाली जिकडे बघावं तिकडे ते दिसत होते. देठादेठाला एक. एकदा दिसायला लागल्यावर ते सगळीकडेच होते.

त्या आठवड्यात मी लिहायला बसले. कसा बसतो, कसा मिटतो, झालरींच्या ओळी कशा असतात, आणि हे सगळं धुवायच्या आधी बघायचं असतं. मूळ नमुना म्हणून मी खडपावरून नव्याने आणलेल्या, न धुतलेल्या ढिगातला सगळ्यात मध्यम, मळकट, एका कोपऱ्याला टवका उडालेला शिंपला निवडला. हेरंबने तो बघून तोंड वाकडं केलं.

"इतका मळका?"

"सरासरी आहे."

"नाव काय देणार?"

"तू विचारायचं नाही."

त्याने विचारलं नाही, पण दिवसभर माझ्या आजूबाजूला घुटमळत राहिला. पाणी हवंय का, खिडकी लावू का. मी लेख पाठवला आणि एकनामने तो संध्याकाळच्या चहापर्यंत मंजूर केला. मी पडदा त्याच्याकडे वळवला. जातीचं नाव लिहिताना पुढे ते देणाऱ्याचं आडनाव लिहायची आमच्याकडे रीत आहे, आणि लेख मी कायम माझ्या माहेरच्या आडनावाने लिहीत आले. त्यामुळे पडद्यावर एका ओळीत होतं: टेरिया हेरंबी कोचरेकर.

हेरंबने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ज्याने चूक केली त्याचं नाव?"

"ज्याने ओळखलं त्याचं."

त्याने ते मोठ्याने वाचलं. मग स्वतःशी, अगदी हळू, पुन्हा वाचलं. "हेरंबी कोचरेकर," तो म्हणाला. "म्हणजे मला आता तुझं आडनाव लागलं."

"लागलं. आणि ते कायमचं राहतं, माहीत आहे ना? पुढे कुणी जात मोडीत काढली तरी."

"कोण काढणार? काढणारी तूच."

"बघू," मी म्हटलं.

तो अजून पडद्याकडेच बघत होता. मी त्याचा हात धरला.

"नाही काढणार रे."